यंदाच्या परिषदा आणि रामनदीतला दगड

कनिष्ठ महाविद्यालय सुरू होण्यापूर्वीचा आठवडा मी एका कामासाठी राखून ठेवलेला असतो. येत्या वर्षभरात गोड्या पाण्याच्या परिसंस्थांवर आणि पर्यावरण शिक्षणावर कुठे कुठे परिषदा आणि बैठका भरणार आहेत, त्यांच्या तारखा मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर टिपून ठेवते. पाण्याच्या परिषदांना निळ्या शाईचा गोल, शिक्षणाच्या परिषदांना हिरव्या. यांतल्या बहुतेक ठिकाणी मी जाणार नसते, कारण विमानभाडे, नोंदणीशुल्क आणि मुक्काम यांचा हिशेब माझ्या पगारात बसत नाही, आणि सत्र चालू असताना रजा मिळणे त्याहून अवघड. तरीही तारखा ठाऊक असल्या म्हणजे त्या सुमारास प्रसिद्ध होणारे निबंध आणि ठराव वेळेवर हाती लागतात, काही सत्रे ऑनलाइन ऐकता येतात, आणि त्यांतले थोडेफार वर्गात उपयोगी पडते. यंदा गोल करून झाल्यावर जरा लांबून पाहिले, तेव्हा निळे गोल भरपूर दिसले, हिरवे मोजके, आणि दोन्ही रंगांत करावा असा गोल एकच.

अकरावीला मी जो विषय शिकवते त्याचे नावच मुळी ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असे आहे. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकाने मुखपृष्ठावर ज्या दोघांची गाठ बांधली, ते जगाच्या व्यासपीठावर अजून वेगवेगळ्या दालनांत बसतात, याचे मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

ही फारकत जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांची पहिली जलपरिषद मार्च १९७७ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथे झाली, आणि पर्यावरण शिक्षणावरची पहिली आंतरशासकीय परिषद त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी येथे. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये आणि सहभाग ही पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे तिबिलिसीची, बी.एड.ला असताना मी ती घोकून पाठ केली होती, आणि ती कोणत्या गावात ठरली हे परीक्षेत कोणी विचारले नाही म्हणून मलाही फार उशिरा कळले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांना पाण्यासाठी पुन्हा एकत्र बसायला २०२३ साल उजाडावे लागले. शिक्षणवाले मात्र दर दहा वर्षांनी भेटत राहिले आणि २००७ च्या नोव्हेंबरात अहमदाबादला आले. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि उत्साहाच्या भरात रेल्वेने गेले होते. त्याआधी महिनाही झाला नव्हता, तोच शेजारच्या राजस्थानात, जयपूरला, जागतिक सरोवर परिषद भरून उठली होती. अहमदाबादला मला जे जे भेटले त्यांच्यापैकी एकही जण जयपूरला गेलेला नव्हता. खरे सांगायचे तर मीही तिथेच पहिल्यांदा ऐकले की अशी काही परिषद असते.

तर यंदाचे गोल. ऑगस्टच्या उत्तरार्धात स्टॉकहोमचा जागतिक जल सप्ताह आहे. मराठी माणसाला हे नाव अगदीच परके नाही, कारण जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांना १९९३ साली मिळालेला स्टॉकहोम जल पुरस्कार याच सप्ताहाच्या परंपरेतला. त्याच सुमारास, २७ ऑगस्टला, जागतिक सरोवर दिन येतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला, म्हणजे साजरा होण्याची ही दुसरीच वेळ. पाषाण किंवा कात्रजच्या तलावाकाठी त्या दिवशी शाळांनी यावे, असे मला वाटते. पावसाळ्यामुळे मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे जागतिक पर्यावरण शिक्षण परिषद भरेल. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती उशिरा आहेत, आणि पर्थला चर्चा चालू असताना इथे पुण्यात मुठेच्या घाटांवर विसर्जन हौदांपुढे रांगा लागलेल्या असतील. या योगायोगाचे मला हसू येते, कारण नदी आणि शिक्षण या दोहोंचा मेळ घालणारा पुण्यातला सर्वांत मोठा प्रयोग माझ्या मते त्या रांगांतच चालतो. इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिले की प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घरच्या बादलीतच विरघळवता येते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वर उरते ते अमोनियम सल्फेटचे पाणी, जे पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येते. महापालिकेने ही पावडर फुकट वाटली. आमच्या सोसायटीतल्या आजोबांनी ‘बादलीत का कुठे विसर्जन होते’ म्हणून पहिल्या वर्षी निक्षून नकार दिला आणि दुसऱ्या वर्षी तेच आजोबा पावडरीचे माप किती घ्यायचे ते इतरांना समजावत होते. तिबिलिसीच्या पाचही पायऱ्या ते वर्षभरात चढले, आणि त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही. पर्थला निबंध पाठवायची ऐपत असती तर मी याच विषयावर पाठवला असता.

डिसेंबरात संयुक्त अरब अमिरातीत, सेनेगलच्या सहयजमानपदाखाली, संयुक्त राष्ट्रांची पुढची जलपरिषद होईल. तिच्यासाठी चर्चेचे सहा विषय ठरले आहेत: माणसांसाठी पाणी, समृद्धीसाठी पाणी, पृथ्वीसाठी पाणी, सहकार्यासाठी पाणी, बहुपक्षीय प्रक्रियांमधील पाणी आणि पाण्यातली गुंतवणूक. शिक्षणाला त्यांत स्वतंत्र जागा नाही. २०२३ च्या न्यूयॉर्क परिषदेत काही देशांनी २०३० पर्यंत तीन लाख किलोमीटर लांबीच्या नद्या आणि ३५ कोटी हेक्टर पाणथळ जागा पुन्हा जित्या करण्याचा विडा उचलला होता, आणि त्याचा जमाखर्च या वेळी मांडला जाईल अशी माझी अपेक्षा आहे. एवढ्या लांबीच्या नद्यांकाठी जी मुले राहतात त्यांच्या शाळांचा या हिशेबात उल्लेखही नसावा, हे काही मला पटत नाही. पुढे २ फेब्रुवारीला पाणथळ दिन, मार्च २०२७ मध्ये रियाधला जागतिक जल मंच, आणि ऑक्टोबर २०२७ मध्ये तिबिलिसीला पन्नास वर्षे.

दोन्ही रंगांचा जो एक गोल आहे तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाणथळ संशोधन गटाच्या सरोवर परिषदेचा. १९९८ पासून ती वर्षाआड भरते, आणि तिच्यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने शाळा-महाविद्यालयांतली मुलेही आपापल्या तळ्याचे काम मांडतात. रात्रीच्या रेल्वेने जाऊन येता येते, हा तिचा आणखी एक गुण.

परिषदांबद्दल माझी मुख्य तक्रार मात्र निराळी आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरातल्या एका संस्थेने नद्यांवर तीन दिवसांची राष्ट्रीय परिषद भरवली होती. कार्यक्रमपत्रिकेत क्षेत्रभेट होती, आणि ती असते तिथेच, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता होती. सत्कार लांबले, शाली संपल्या म्हणून आणखी आणवल्या, आभारप्रदर्शनात आभार मानून घेणाऱ्यांची यादी वाढत गेली आणि साडेपाच वाजता जाहीर झाले की उशीर झाल्यामुळे नदीवर जाता येणार नाही. त्याऐवजी आम्हाला त्या ठिकाणाच्या रंगीत छायाचित्रांची पत्रिका मिळाली. सभागृहाच्या मागच्या फाटकापासून पाच मिनिटांवर ओढा होता; आम्ही तिघीजणी चहाचे कप हातात घेऊन तिकडे जाऊन आलो. प्रमाणपत्रावर ‘क्षेत्रभेटीसह’ असे छापलेले होते, आणि आमच्या तिघींच्या बाबतीत ते खोटे नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात मी अकरावीच्या बावीस मुलांना रामनदीवर नेले होते. ही नदी खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असे करत औंधजवळ मुळेला मिळते. सारा प्रवास वीस किलोमीटरांच्या आतबाहेर. सकाळी आम्ही वरच्या अंगाला थांबलो. पाणी घोट्यापर्यंत, पण वाहते आणि गार होते. एका मुलीने तळहाताएवढा दगड उचलून उलटा केला आणि पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यासह धरला. आधी काहीच दिसेना. मग दगडाचाच एक तुकडा सुटून चालू लागला: चपटा, तपकिरी, नखाच्या निम्म्याएवढा, मागे तीन केसांसारख्या शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पापण्यांसारखी सतत फडफडणारी पाने. ती पाने म्हणजे त्याचे कल्ले. हे मेफ्लाय नावाच्या कीटकाचे पिल्लू. पाण्यात महिनोन्‌महिने राहून शेवटी पंख फुटल्यावर फार तर एखाद-दोन दिवस जगते. पाण्यातला प्राणवायू घटला की जी मंडळी सर्वांत आधी नाहीशी होतात, त्यांच्यात त्याची गणना होते.

दुपारी आम्ही बाणेरच्या बाजूला उतरलो. तिथल्या दगडावर बुळबुळीत करडा थर होता, वास सांगायला नको, आणि ट्रेमध्ये वळवळत होत्या त्या फक्त लालभडक बारीक अळ्या. त्यांच्या अंगातही आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच जिथे प्राणवायू जवळपास उरलेला नाही अशा गाळात त्या तग धरतात. सकाळच्या त्याच मुलीने विचारले, “मॅडम, मग ह्या अळ्या वाईट का?” मी सांगितले की त्या नदी बिघडवत नाहीत, बिघडलेल्या नदीत राहू शकतात एवढेच. ती थोडा वेळ ट्रेकडे बघत बसली आणि म्हणाली, “म्हणजे त्या साक्षीदार.” पाठ्यपुस्तकातल्या ‘जैवनिर्देशक’ या शब्दासाठी मी इतकी वर्षे फळ्यावर जी व्याख्या लिहीत आले, ती मला त्या क्षणी फार लांबलचक वाटली.

गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-कोळंबीवर्गीय प्राणी यांच्या तेवीस हजारांहून अधिक जातींचा आढावा घेणारा एक मोठा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात २४ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. हा आकडा मी आधी वर्गात सांगितला होता, तेव्हा मुलांनी तो वहीत उतरवून घेतला होता. बाणेरहून परतताना बसमध्ये एकाने मागून विचारले की मेफ्लाय त्या चोवीस टक्क्यांत धरले आहेत का. धरलेले नाहीत. प्रश्न वहीतून आला नव्हता, ट्रेमधून आला होता.

जपानमधल्या शिगा प्रांताने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. तिथल्या बिवा सरोवरात १९७७ सालीच, म्हणजे मार देल प्लाता आणि तिबिलिसी यांच्या मधल्या मे महिन्यात, पाणी लाल करणारी शैवालांची वाढ झाली. कपडे धुण्याच्या पावडरीतले फॉस्फरस हे त्याचे एक कारण असल्याचे कळल्यावर तिथल्या गृहिणींनी ती पावडर सोडून साबण वापरण्याची चळवळ उभारली, आणि १९७९ मध्ये प्रांताने फॉस्फरसयुक्त पावडरीवर बंदी घालणारा नियम केला. १९८३ पासून त्या प्रांतातली पाचवीची मुले ‘उमिनोको’ नावाच्या जहाजावर एक रात्र काढतात, सरोवराचे पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पहिली जागतिक सरोवर परिषद भरली ती त्याच प्रांतात, १९८४ साली. आधी गृहिणी, मग मुलांचे जहाज आणि त्यानंतर परिषद, हा क्रम मला फार आवडतो.

आमच्याकडे जहाज नाही आणि रामनदीत ते चालणारही नाही. पण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आसपासच्या पाच-सहा महाविद्यालयांतल्या शिक्षकांची एक दिवसाची बैठक घ्यावी, असे आम्ही तिघींनी, म्हणजे त्या चहाच्या कपवाल्या तिघींनी, ठरवले आहे. क्षेत्रभेट सकाळी साडेसातला, बोलणी दुपारी, शाल-श्रीफळ नाही. तारखेला दोन्ही शाईंनी गोल केला आहे. पांढरे ट्रे बारा लागतील. आठ आहेत, उरलेल्या चारांसाठी बोहरी आळीत जाऊन यायचे आहे.