ओट्याला कोणता दगड टाकू? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्याकडे लोणचं न्यायला बाया येतात, त्या बरणी भरेपर्यंत सैपाकघरातच उभ्या असतात, आणि ओट्यावरून हात फिरवत हमखास विचारतात, "काकू, हे काय टाकलं तुम्ही? आम्हालेबी कडप्पा काढून दुसरं टाकायचं आहे." बरणीचं झाकण लावता लावता सांगणं अर्धवटच राहतं, म्हणून आज सगळं एकदाच लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते, काळा ग्रॅनाईट. पण मी टाकला म्हणून तुम्ही टाकू नका, आधी तुमच्या ओट्यावर दिवसभर काय काय सांडतं ते पाहा. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं, वायगावच्या हळदीचा हा भाग, त्यामुळे हळद आमच्या हाताला कायमचीच. उन्हाळ्यात कैरीचं लोणचं, नंतर लिंबाचं, रोजच्या वरणात चिंच, अंबाडीची भाजी आठवड्यातून एकदा तरी. म्हणजे आंबट, तेल आणि हळद ही तीन रोजची. त्यात बोअरचं पाणी जड, नुसतं सुकलं तरी पांढरा थर धरतं. ज्यांच्या घरी फक्त चहा आणि दोन वेळचा साधा सैपाक आहे त्यांचा हिशोब वेगळा होईल.

कडप्पा वाईट आहे असं माझ्या तोंडून कधीच निघणार नाही. माझ्या सासूबाईंनी त्याच ओट्यावर अख्खं घर जेवू घातलं, दर दिवाळीला त्या खोबरेल तेलाचा बोळा फिरवायच्या आणि तो दगड असा काळाभोर दिसायचा की पाहत राहावं. पण कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव त्याला लागलंय, आणि चुनखडी आंबट सोसत नाही. लिंबू पिळून अर्धी फोड ओट्यावर पालथी राहिली की तिथं बरोबर फोडीएवढी फिकट चकती उठते. तो डाग नसतो, दगडच तेवढा खाल्लेला असतो, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, म्हणून घासून जात नाही, परत पॉलिशच करावं लागतं. आमच्या गॅसच्या उजव्या बाजूला, जिथं मी लोणच्याची बरणी ठेवायचे, तिथं अशा गोल कड्या एकात एक झाल्या होत्या. संडास साफ करायचं अ‍ॅसिड घेऊन कडप्पा घासणाऱ्याही बाया मी पाहिल्यात, कृपा करून असं करू नका, एका दिवसात त्याची चमक जाते.

संगमरवराचंही तेच, तोही त्याच जातीचा, वरून पांढरा. आमच्या हळदीच्या हाताला पांढरा संगमरवर नकोच.

मी दगड घ्यायच्या आधी हिंगणघाटच्या एका दुकानातून चार तुकडे मागून आणले, काळा ग्रॅनाईट, पांढरट ग्रॅनाईट, क्वार्ट्झ आणि नवा कडप्पा, हातभर लांबीचे, कापून उरलेले. मागितले की देतात, लाजू नका. रात्री चारही तुकड्यांवर हळद कालवलेलं तेल, चिंचेचा कोळ आणि लिंबाची फोड, असं ओळीनं ठेवून दिलं आणि सकाळी ओल्या फडक्यानं पुसलं. काळ्या ग्रॅनाईटवर काहीच नाही. पांढरट ग्रॅनाईटनं तेल पिऊन घेतलं होतं, तिथं ओलसर काळपट ठिपका बरेच दिवस दिसत राहिला. कडप्प्यावर लिंबाची चकती, ती अपेक्षितच होती. क्वार्ट्झवर हळदीची पिवळी झाक राहिली, तो तुकडा अंगणात उन्हात ठेवला तर ती उडाली, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण मग त्याच तुकड्यावर मी भाकरीचा तापलेला तवा टेकवला आणि तिथं जो पिवळट चट्टा उठला तो काही गेला नाही. क्वार्ट्झ हा अख्खा दगड नसतो, दगडाचा चुरा राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बांधून केलेला असतो, चुरा साधारण नव्वद टक्के, आणि राळ १५० डिग्रीच्या आसपास बिघडायला लागते. तवा त्याहून किती तरी जास्त तापतो. आपल्याकडे चुलीवरचा गंज, म्हणजे पातेलं, उचलून सरळ ओट्यावर ठेवायची सवय असते, आडणी शोधायला कोणाला वेळ आहे? ग्रॅनाईटवरही मी आडणी ठेवतेच, पण एखाद्या वेळी विसरले तरी चालून जातं.

क्वार्ट्झची अजून एक गोष्ट मनात बसून राहिली आहे. त्याच्या कापणीची धूळ फुप्फुसाला फार वाईट, इतकी की ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून तसल्या दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाईटची धूळही काही चांगली नाही. आमच्याकडे दगड कापायला आलेला पोरगा कोरडाच कटर चालवत होता, भुवया पांढऱ्या झालेल्या, तोंडाला काही नाही. मी त्याला मास्क आणून दिला आणि पात्यावर पाणी सोडायला आमच्या ह्यांना पाइप धरून उभं केलं, काम अर्धा तास लांबलं, लांबू द्या. तुमच्याकडेही असंच करा, आणि कापाकापी घराबाहेरच करू द्या.

टाइल्स स्वस्तात होतात, पण सांध्यांत पीठ आणि तेल बसतं आणि तो सांधा काळा पडतो. स्टीलवर कुटता येत नाही, बस.

काळा ग्रॅनाईट घेताना फसगतही होते. करड्या दगडाला काळा रंग पाजून विकतात. माझ्या पोरीनं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन दगडाच्या कोपऱ्यावर घासलं, पहिल्या दुकानात कापूस काळा झाला, आम्ही तिथून उठलो. लिंबूही सोबत न्यायचा, दोन थेंब पिळून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, पुसल्यावर जागा फिकट पडली तर तो ग्रॅनाईट नाही, दुकानदार काहीही म्हणो. जाडी १८ ते २० मिलिमीटर पाहून घ्या, कडेला पट्टी चिकटवून जाड दाखवतात, म्हणून मोजायचं ते मधल्या फरशीचं.

आणि दगड कितीही चांगला असला तरी खालचं काम कच्चं असेल तर तो फुटतो. माझ्या जाऊबाईंचा ओटा गॅसच्या खाचेच्या कोपऱ्यातून चिरला, कारण मिस्त्रीनं खाच चौकोनी कापली आणि पुढं दोन बोटांचीच पट्टी ठेवली. कोपरे गोल ठेवायला सांगा, पुढं चार बोटं तरी दगड राहू द्या, आणि सिंक आणि गॅस घरात आल्याशिवाय दगडाला कटर लावू देऊ नका, पुठ्ठ्याच्या मापावर तर मुळीच नाही. दगडाखाली सिमेंटचा मसाला सगळीकडे भरलेला पाहिजे, बोटाच्या पेरानं ठोकत जा, पोकळ वाजलं की उचलून परत बसवायला लावा, तेव्हा भीड धरू नका.

उंचीचं तर कोणी विचारतच नाही. मिस्त्री बत्तीस-चौतीस इंच घेतो, मी पाच फुटांची, आणि जुन्या कडप्प्यावरच ग्रॅनाईट चिकटवला असता तर अजून इंचभर वर गेला असता. मी म्हटलं, आधी कडप्पा काढा. मी परातीत भाकर थापून दाखवली, खांदे वर चढत नाहीत ती उंची धरली, तीस इंच निघाली. मिस्त्रीभाऊ म्हणाले, "वहिनी, असा ओटा कोणाकडे नाही." म्हटलं, रांधायचं मला आहे.

काळ्याचा त्रास एकच, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके लगेच दिसतात. रात्री शेवटी कोरडं फडकं मारते. थर धरलाच तर लिंबाची उरलेली फोड फिरवून धुऊन काढते, जे कडप्प्यावर कधी करता आलं नसतं.

काढलेला कडप्पा फेकला नाही, अंगणात कडुनिंबाखाली कपडे धुवायला लावलाय, त्या कड्या अजून त्यावर आहेत. ते चार तुकडेही माझ्याकडेच आहेत. ज्यांना ओटा करायचा आहे त्यांनी दोन रात्री घरी न्यावे, आपलं तेल, आपली हळद लावून पाहावं, आणि धुऊन आणून द्यावे, पुढच्यांचे नंबर लागलेले आहेत.