एकदांडी ओळखायला शिकताना

माझ्या सासूबाई मूळच्या मुरबाडकडच्या. खरचटले की एकदांडीचा पाला चोळून लावायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. ठाण्यात वर्तकनगरला राहायला आल्यापासून हे रोप माझ्याही रोज पायाखाली येत असणार, कारण फुटपाथच्या फटीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत ते कुठेही उगवते. पण ते नेमके ओळखायला मी गेल्या पावसाळ्यात शिकले.

पहिल्या खेपेस उपवन तलावाकडून येताना दातेरी, लवदार पानांचे एक रोप मी मोठ्या खात्रीने घरी आणले. सासूबाईंनी पान चुरगळून हुंगले आणि म्हणाल्या, "अगं, ही तर ओसाडी. हिला उग्र वास येतो, फुलांचे झुबके असतात. एकदांडीला एका दांड्यावर एकच फूल." तेव्हापासून नुसत्या पानावर मी विश्वास ठेवत नाही. एकदांडीचे खोड जमिनीलगत पसरते, खरखरीत पाने समोरासमोर येतात आणि त्यांतून वीतभर उंच, पानाविना दांडा निघतो. त्याच्या टोकावरचे फूल जवळून पाहावे: मध्ये पिवळा गोंडा, भोवती चार-पाच फिकट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दात. ही खूण पटली की शंका उरत नाही. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, हे वाचून मला आश्चर्य वाटले, इतकी ती आपल्याकडे रुळली आहे.

येऊरचा डोंगर जवळ असला तरी तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथले काहीही तोडायचे नाही, आणि रस्त्याकडेचा पाला धूळ, सांडपाणी व कुत्र्यांमुळे जखमेवर लावण्याजोगा नसतो. म्हणून पिकलेल्या गोंड्यातले तंतूदार बी आणून मी कुंडीत पेरले.

श्रावणात नारळ खवताना विळीच्या दात्यांनी अंगठा सोलला. जखम वाहत्या पाण्याखाली धुतली, कुंडीतली चार पाने स्वच्छ धुऊन तळहातावर चोळली आणि तो हिरवा लगदा जखमेवर दाबून धरला. आधी झोंबले, मग थोड्या वेळात रक्त थांबले; त्यात दाबून धरण्याचाही वाटा होताच. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले हे आठवेना, म्हणून संध्याकाळी दवाखान्यात जाऊन ते घेतले. खोल किंवा माती गेलेल्या जखमेवर मात्र मी पाला लावत नाही, आणि सासूबाईही लावू देत नाहीत.