दाखला येईल मागून, पोरगं आधी वर्गात बसू द्या

कळंब तालुक्यातलं गाव सोडून आम्ही पुण्याला आलो ते ऐन नोव्हेंबरात. सोयाबीन हाती लागलं नव्हतं, ह्यांना बिल्डिंगच्या साइटवर प्लंबिंगचं काम मिळालं आणि वारजे माळवाडीत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पाणी किती वाजता येतं, गिरणी कुठं आहे, उधारी कोण देतं, हे आठ दिवसांत कळलं. शिक्षणाचं कळायला मात्र दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पोरगा तेव्हा सहावीत होता. घाईत निघालो, शाळा सोडल्याचा दाखला काढायचा राहून गेला. जवळच्या एका अनुदानित शाळेत गेले तर खिडकीतूनच विचारलं, "दाखला आहे? नाही? मग जूनमध्ये या." मी मान डोलावली आणि परत आले. गावी जाऊन यायचं म्हणजे ह्यांचा दोन दिवसांचा खाडा आणि गाडीभाडं वेगळं. त्यामुळं आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे पोरगं घरी बसलं. घरी बसलं म्हणजे पाणी भरत होतं, बहिणीला सांभाळत होतं, आणि दुपारी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शाळेतून येणारी पोरं बघत होतं. दप्तर भरून ठेवलेलं होतं. रोज सकाळी उघडून बघायचं आणि परत खुंटीला लावायचं. ते मला अजून आठवतं.

वाट सापडली ती ह्यांच्या साइटवर. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये डोअर स्टेप स्कूलचा वर्ग चालायचा. गवंड्यांची, बिगाऱ्यांची पोरं तिथं बसायची. ही संस्था १९८८ला मुंबईत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आली, हे मला नंतर कळलं. त्यांची एक फिरती शाळाही आहे, बसमध्येच फळा असलेली. तिथल्या ताईंनी ह्यांना विचारलं, तुमची मुलं कुठल्या शाळेत जातात? ह्यांनी खरं काय ते सांगितलं. ताईंनी वहीचं पान फाडून त्यावर लिहून दिलं: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. दुसऱ्या शाळेतून बदलून येणाऱ्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. त्याखाली कलम १४ लिहिलं होतं: जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम ४: मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, पहिलीपासून परत सुरू करायला लावायचं नाही.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या, मी सुरुवातीला चुकीची सांगत फिरले होते. कलम ५चा बदलून जायचा हक्क सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेपुढं तो चालत नाही. आणि हा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा.

तो कागद घेऊन मी मनपाच्या शाळेत गेले. कागद दाखवायची वेळच आली नाही. मुख्याध्यापक बाईंनी पोराला जवळ बोलावलं, मराठीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "जा, वर्गात बस." त्याच दिवशी. कपडे घरचेच होते. कॉम्प्युटरवरून त्यांनी गावाच्या शाळेला त्याचं नाव इकडं सोडायची विनंती पाठवली, मी गावातल्या सरांना रोज एक फोन करत राहिले, आणि त्याचं नाव इकडं आलं. खिडकीवरचं एक वाक्य ऐकून मी तीन आठवडे घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या शाळेत विचारायला काय झालं होतं?

मुलगी चार वर्षांची होती, तिला अंगणवाडीत घातलं. त्यात काहीच अडचण आली नाही. सेविका आमच्याच गल्लीतल्या.

ती पहिलीला आली तेव्हा पंचवीस टक्क्यांचा फॉर्म भरायचा ठरवलं. खाजगी शाळेत मोफत जागा मिळते, सोडत निघते, हे सगळ्यांना माहीत असतं. नवीन आलेला माणूस अडकतो तो भाडेकरारावर. आमचा करार नोटरीचा होता. तो चालत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला लागतो, किमान अकरा महिन्यांचा आणि फॉर्म भरायच्या तारखेच्या आधीचा. घरमालकांना तो करायला राजी करेपर्यंत फॉर्मची मुदत संपत आली. कसाबसा भरला, नंबर वेटिंगला राहिला. ती भावाच्याच शाळेत गेली आणि छान शिकते आहे. पण तुम्ही नवीन खोली घेत असाल तर पहिल्या दिवशीच मालकाशी नोंदणीचं बोलून घ्या. एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखलाही गावी असतानाच काढता आला तर बघा.

लहान दीर नववीतून सुटलेला. मंडईत गाळ्यावर कामाला लागला. त्याला कुणीतरी सांगितलं, सतरा नंबर भर, घरी अभ्यास कर आणि दहावीला बस. वय चौदाच्या पुढं आणि पाचवी पास असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून थेट दहावी देता येते, हे खरंच आहे. पण मी त्याला ओळखते. समोर मास्तर नसेल तर तो पुस्तक उघडणार नाही. मग बाजीराव रस्त्यावरची सरस्वती मंदिर संस्थेची रात्रशाळा सापडली, मंडईपासून चालत जाण्यासारखी. दिवसभर कामावर जाणारी पोरं संध्याकाळी तिथं बाकावर बसतात. पहिल्या दिवशी परत आला तेव्हा म्हणाला, "वैनी, माझ्या शेजारी बसतो तो दोन लेकरांचा बाप आहे." त्याला लाज वाटायची ती त्या दिवशी गेली. पुण्यात कामगारांसाठी रात्रीची शाळा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच काढली होती. मुलींची शाळा आम्हाला पाठ होती, ही मला मोठेपणी कळली.

दहावीनंतर त्याला औंधच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला जायचंय. आयटीआयला वरची वयाची अट नाही, आणि काही ट्रेड दहावी नापासालाही मिळतात. आमच्या चाळीतल्या किती पोरांना हे माहीत नाही.

मी बारावी करून लग्न झालेली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं नाव गावीही ऐकलं होतं, पण ते नाशिकला आहे म्हणून विषय सोडून दिला होता. अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांत असतात, रोज जावं लागत नाही आणि पुस्तकं मराठीत मिळतात, एवढं कुणी सांगितलं असतं तर मी आठ वर्षं आधी बीए सुरू केलं असतं. आता दुसऱ्या वर्षाला आहे.

आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई. वय बासष्ट. आयुष्यभर अंगठा. त्यांच्यासाठीही काही असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पोराच्या शाळेतल्याच बाईंनी विचारलं, घरात लिहितावाचता न येणारं कुणी आहे का? नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे उल्हास. पंधरा वर्षांच्या पुढचं कुणीही. शिकवणारा घरचाच चालतो. आमच्याकडं शिकवणारा म्हणजे नातू. रात्री जेवणं झाली की दोघं पाटी घेऊन बसायचे. आत्याबाई पेन्सिल इतकी दाबायच्या की पाटीवर चरे पडले. 'ळ' काढायला त्यांना चार दिवस लागले, आणि जमला तेव्हा त्यांनी तो सगळ्या पाटीभर काढला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि अंकज्ञान, पन्नास-पन्नास गुणांचे तीन भाग. नातवाच्याच शाळेत, लहान बाकांवर. नऊवारीतल्या पाच-सहा जणी होत्या. आत्याबाई आदल्या रात्री झोपल्या नाहीत.

त्यांना खरी गरज होती ती बसची. इकडं आल्यापासून एकट्या कुठं जायच्या नाहीत, कारण पाटी वाचता येत नाही आणि कुणाला विचारायचं म्हटलं तर जीव घाबरा व्हायचा. बसच्या पुढच्या काचेवर अक्षरं सरकत जातात. 'वारजे' वाचून होईपर्यंत 'माळवाडी' निघून जायचं. मग त्या दुसरी फेरी येईपर्यंत थांबायच्या, ओठ हलवत. मागच्या महिन्यात डेक्कनवरून एकट्या परत आल्या. दारातूनच मला म्हणाल्या, "दोन बस सोडल्या गं, तिसरी आपली होती. मीच वाचली."

वरच्या मजल्यावर परवा बीडकडचं एक कुटुंब राहायला आलंय. मुलगा चौथीत, मुलगी सातवीत, दाखले गावी, करार नोटरीचा. आजी आहे, तिला मी अजून विचारलेलं नाही. सोमवारी साडेदहाला मी त्यांच्या आईबरोबर शाळेत जाणार आहे. ताईंनी लिहून दिलेल्या पानाची झेरॉक्स पिशवीत घालून ठेवली आहे.