उन्हाविना परसदार

“आमच्याकडे ऊनच येत नाही, लावणार काय?” तळमजल्यावर राहणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली. टोमॅटो, वांगी, मिरची डोक्यात असतील तर ती खरीही आहे. त्यांना सहा तास तरी लख्ख ऊन हवं. फळ खायचं तर ऊन लागणारच. पण पानं खायला कोणी मना केलंय?

कोकणातल्या जुन्या घराचं परसदार बघा. वर फणस, माड, पोफळी. खाली ऊन पोचतं ते कवडशांपुरतं. तिथेच न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलेलं असतं. त्याला ओल मिळाली की झालं. काळ्या देठाचं वडीला, हिरवं फदफद्याला. पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, म्हणून चिंच घालायला हात आखडता घेतला की घसा हिशेब मागतो.

आमच्या इमारतीमागच्या पट्टीत मी अळूशेजारी हळद लावते. सावलीत गड्डे बारीकच निघतात, ते मला मान्य आहे. माझा डोळा पानांवर. श्रावणात हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, आत गूळखोबरं, आणि पान दुमडून वाफवायचं. पातोळ्यांना तो वास पानाचाच येतो, वेलची कितीही घाला. पत्री ओवा कुंडीतून बाहेर पडून भिंतीकडे सरकलाय. त्याची भजी पावसाळ्यात होतातच. पुदिन्याबद्दल काय सांगणार? तो विचारत नाही, पसरतो.

गंमत म्हणजे ज्यांच्याकडे रग्गड ऊन आहे ते मुद्दाम सावली करतात. पानमळ्यात नागवेलीसाठी शेवरी, हदगा, शेवगा लावतात. वेलीला आधारही होतो आणि ऊनही गाळून मिळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘लाखीबागे’त तर माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी. आणि आपण फुकटची सावली मिळूनही कुरकुरतो!

उपद्रव आहेतच. पावसाळ्यात गोगलगायी येतात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. त्यांच्यावर मीठ टाकायचा सल्ला हमखास मिळतो, पण ते मीठ शेवटी मातीतच जाणार. कढीपत्ता मात्र इथे रुसला, म्हणून त्याला वरच्या काकूंच्या गच्चीवर धाडलाय. काकूंकडे टोमॅटो लगडतात, अळू मात्र उन्हाने करपतं. त्यामुळे आमचा व्यवहार सरळ आहे: पानं माझी, टोमॅटो त्यांचे, आणि वड्या ज्या घरी होतील तिथून दुसऱ्या घरी अर्धा उंडा.