शिवरात्र ते होळी

थंडी कधी जाते याबद्दल आमच्याकडे दोन मतं आहेत. एक म्हणतं, महाशिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत जाते. दुसरं म्हणतं, होळी जळाली, थंडी पळाली. मधले पंधरा दिवस कोणाच्याच खात्यात जमा नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात, राहणाऱ्या माणसाला वर्षातला सगळ्यात रटाळ काळ विचारा. बाकीच्यांचं माहीत नाही, मी हेच पंधरा दिवस सांगेन.

पहाटे गोधडी सोडवत नाही आणि अकरा वाजता पंखा लावावा लागतो. स्वेटर धुऊन पेटीत टाकावा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत काढावा लागतो.

तोपर्यंत मजा असते. दिवाळीपासून मंडई (भाजीची नव्हे, गावोगावची जत्रा), मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर चालणारी नाटकं. इथले नाट्यकलावंत परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी झाडीपट्टी रंगभूमी गूगल केली असेल. आम्ही तिच्यापायी निम्मा हिवाळा झोपेविना काढतो. मग शिवरात्रीला गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या शिवमंदिराची जत्रा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते म्हणून महत्त्व मोठं, गर्दीही तशीच. जत्रा उठली की गाव एकदम रिकामं होतं.

रिकामं म्हणजे खरोखरच. धान कधीच निघालेलं असतं. तलावाचं पाणी ज्यांना मिळतं त्यांचा उन्हाळी धान हिरवागार दिसतो. आमच्या बाजूच्या बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) नुसती धसकटं आणि पिवळी पडलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ. (ही तीच लाखोरी, जिच्या विक्रीवर 1961 साली बंदी आली होती. आमच्या घरात तिचे वडे कधीच बंद झाले नाहीत.) ज्यांच्या हाताला काम नाही ते तेलंगणात मिरची तोडायला जातात, कुटुंबंच्या कुटुंबं. आमच्या गल्लीत एकामागून एक घरांना कुलपं दिसतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि परीक्षा असलेली पोरं.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे हा काळ मला गल्ल्यातूनही कळतो. धानविक्रीच्या नोंदणीची गर्दी संपलेली, सातबारा मागायला कोणी नाही. त्यात बोर्डाच्या परीक्षा. पेपरच्या वेळात शाळेजवळची झेरॉक्स दुकानं बंद ठेवायचा आदेश निघतो. कॉपी थांबते का, हे विचारू नका. माझं दुकान मात्र थांबतं. मी शटर अर्धं ओढून आत बसतो. मागे सागाचं झाड आहे. त्याची सुपाएवढी वाळकी पानं अशी खडखडत पडतात की कोणी गिऱ्हाईक आलं वाटून मी मान वर करतो.

जंगलात गेलं तरी तेच. साग उघडे, मोह पानं टाकतोय, कांडोळाची पांढरी खोडं तेवढी लांबून दिसतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी मागे सरून काठाला चिखलाच्या भेगा पडलेल्या. हिवाळी पाहुणे पक्षी निघायच्या तयारीत आणि त्यांच्या जागी येणारं कोणी नाही. एखाद-दुसरा पळस फुललेला असतो. लगेच कोणीतरी त्याचा फोटो ‘वसंत आला’ म्हणून स्टेटसला ठेवतं. आमचा वसंत पळसानं येत नाही. तो मोहानं येतो, कारण मोह पडला की घरात पैसा येतो.

त्यासाठी लोक झाडाखालचा पाला पेटवतात. जमीन साफ असली की पहाटे पडलेली फुलं पटापट वेचता येतात. पण वारा सुटला की तीच आग जंगलात शिरते. 15 फेब्रुवारीपासून वनविभागाचा आगीचा हंगाम सुरू होतो, आग पसरू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे पाला काढलेले मोकळे पट्टे, काढतात, गाडीवर भोंगा लावून ‘आग लावू नका’ सांगत फिरतात. आमची आजी सांगते, झाडून घ्या, नाहीतर खाली जुनी लुगडी अंथरा. ऐकतात थोडे. झाडायला माणसं हवीत, आणि ती माणसं तर खम्मम-वारंगलकडे.

परवा तिकडूनच मामीचा फोन आला. तब्येत-पाणी झालं, उन्हाची तक्रार झाली, मग मूळ मुद्दा:

“मोहाले फूल लागलं का रे?”

“नाही अजून. कळ्यासुद्धा नाहीत.”

“मंग आम्ही आणखी आठ दिवस रायतो. आणि मिरची किती आणू तुयासाठी, ते आईले विचारून सांग.”