बुडाशी फक्त राजाचं नाव

"आई, खाली राजाचं नाव आहे, पण मग ही रंगवली कोणी?" तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये लेक काचेला नाक लावून विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समोर तपकिरीची बाटली, अंगठ्याहून जराशी मोठी. तांब्यावर मीनाकारी, आणि तळाशी निळ्या अक्षरात चीनच्या चिएनलुंग बादशहाच्या काळाचा शिक्का (१७३६ ते १७९५).

काम किती जिकिरीचं बघा. काचेची पूड रंगात कालवून केसाएवढ्या कुंचल्याने लावायची, भट्टीत घालायची, परत लावायची परत भाजायची, आणि तांबं वाकून रंग तडकू नये म्हणून आतूनसुद्धा एनॅमलचा, म्हणजे त्याच काचेच्या रंगाचा, थर द्यायचा, जो कुणाला दिसणारच नाही!! त्यात चित्रं पण नुसती शोभेची नाहीत. पीच म्हणजे दीर्घायुष्य, पिओनीचं फूल म्हणजे समृद्धी, ऐन थंडीत फुलणारा प्लम म्हणजे चिवटपणा. बादशहा दरबाऱ्यांना अशा बाटल्या भेट द्यायचा, म्हणजे आशीर्वादच की तो, खिशात बाळगायचा.

जमवणारे लोक आजही बाटली आधी उलटी करून शिक्का बघतात. तोही फसवा असू शकतो, कारण पुढे कितीतरी वर्षं नव्या मालावर चिएनलुंगचंच नाव घालत होते. राजवाड्याच्या कारखान्याच्या दप्तरात काही मीनाकारांची नावं आहेत, पण बाटलीवर नाहीत.

मला हे मनापासून खटकलं. आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंपैकी किती वस्तू कोणी घडवल्या हे तुम्हाला माहितीये?