पोळीची वखवख आणि ज्वारीचं घर

रविवार

आजारामुळे गहू बंद झाला म्हणजे आता जेवायचं काय, ही काळजी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पडते. सोलापुरात तो प्रश्न फारसा येत नाही. भाकरी इथल्या ताटात पहिल्यापासूनच आहे. मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि एखादी पातळ भाजी असली की दुपार भागते. वखवख सुटते ती दोन जेवणांच्या मध्ये: साडेचारचा चहा आणि त्यात बुडवायची खारी, बेकरीवरून जाताना येणारा वास, शेजारून आलेली पावाची लादी. आणि सणाला. हा आठवडा भोगी-संक्रांतीचा आहे. गुळपोळी, शेंगापोळी आणि गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा, सगळं एकदमच.

खावंसं वाटलं की आधी नेमकं काय हवंय ते बघावं. खारीची ओढ असते ती कुरकुरीतपणासाठी. पोळी हवी असते तेव्हा न तुटणारी मऊ घडी हवी असते, पावाच्या वेळी रस्सा पिऊन घेणारा जाळीदार मऊपणा आणि शिऱ्याच्या वेळी तूप-साखर. हे ओळखलं नाही तर भलताच पदार्थ पुढ्यात येतो. पोळी हवी असताना राजगिऱ्याचा लाडू खाल्ला की लाडू पोटात जातो आणि पोळी डोक्यातून जात नाही.

बऱ्याचदा मात्र ती साधी भूकच असते. दुपारी दीड भाकरीऐवजी अर्धीच खाल्ली, वर डाळ नाही की उसळ नाही, तर साडेचारला बेकरी आठवणारच. चहाच्या अर्धा तास आधी मूठभर फुटाणे, उकडलेल्या शेंगा किंवा वाटीभर मटकीची उसळ खाल्ली तर ती ओढ निम्मी उतरते. चहा रिकाम्या पोटी घेऊ नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

सोमवार

आज पिठाचं काम. ज्वारीत ग्लुटेन (पीठ ताणलं जातं ते चिवट प्रथिन) नसतं, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा यांतही नसतं. ते असतं गव्हात, जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात. मैदा, रवा, शेवया, दलिया ही सगळी गव्हाचीच पोरं. तरीही ज्वारीच्या पिठातून गहू पोटात जातो, आणि तो बहुतेक वेळा गिरणीतून येतो. दळणवाल्याच्या दगडांत आणि पिठाच्या पिशवीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू अडकलेला असतो. "आधी किलोभर तांदूळ काढून मग ज्वारी टाका" असं सांगितलं तर गहू कमी होतो, पण पूर्ण जातोच याची खात्री नाही. सिलियाक (ग्लुटेननं लहान आतड्याला इजा होते तो आजार) असणाऱ्यासाठी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणाही टाकू नये. दोन-तीन घरांनी मिळून घेतली तरी चालते, नियम मात्र सगळ्यांनी पाळायचा.

पॅकबंद पीठ घ्यायचं तर 'ग्लुटेन-फ्री' हे शब्द लेबलवर बघावेत. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. नुसतं 'मिलेट' किंवा 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या पाकिटात गहू बऱ्याचदा सापडतो.

पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं. जास्त दिवस राहिलं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. चिमूटभर पीठ पाण्यात कालवून दोन बोटांत दाबावं. चिकटून राहिलं तर ठीक. वाळूसारखं सुटलं तर त्या पिठाला आधण लागणार. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी ओतून, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि सोसेल तितकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं रगडायचं. भाकरी परत वळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाची ज्वारीसुद्धा महिनाभर दळून ठेवली तर चिरणारच.

घरात वेगळ्या ठेवायच्या वस्तू: पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, तवा आणि चटणीचा चमचा. चाळणीच्या जाळीतलं पीठ कितीही घासलं तरी निघत नाही आणि लाकडाच्या चिरांतलंही नाही. शक्य असेल तर आधी भाकऱ्या उरकाव्यात, मग पोळ्यांची कणीक काढावी. कोरडी कणीक हवेत उडते आणि ओट्यावर बसते.

मंगळवार, भोगी

आजचा सण बिनगव्हाचाच. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा आणि शेंगदाणे घातलेली भोगीची भाजी, मुगाची खिचडी, लोणी. वखवखीला आज सुट्टी.

फक्त हिंग बघावा. डबीतल्या पिवळ्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मागच्या बाजूला घटक छापलेले असतात. तांदळाचं पीठ आणि डिंक घातलेला हिंगही मिळतो. नाहीच मिळाला तर फोडणीत लसूण वाढवावा.

बुधवार, संक्रांत

शेंगापोळी. हिच्याशिवाय इथली संक्रांत नाही, त्यामुळे आज सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर.

गव्हाच्या पारीत ग्लुटेनचं जाळं असतं, म्हणून ती ताणली जाते आणि सारण धरते. ज्वारीच्या पिठात ते नसतं. तेव्हा दोन गोष्टी कराव्या लागतात: पिठाची उकड काढायची आणि थोडं इसबगोल घालायचं. एक वाटी ज्वारीचं ताजं पीठ, पाव वाटी तांदळाची पिठी आणि दोन चहाचे चमचे इसबगोलाचा भुसा कोरडाच एकत्र करावा. इसबगोल थेट पाण्यात टाकलं की गोळे होतात आणि ते मोडत नाहीत. सव्वा वाटी पाण्यात चिमूट मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळावं. गॅस बारीक करून पीठ एकदम ओतावं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळावं, झाकून दोन मिनिटं वाफ आणावी. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवावं. मग ओल्या हातानं पाच-सहा मिनिटं मळावं. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ लागला पाहिजे.

सारणाला भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट एक वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी, भाजलेले तीळ दोन चमचे, वेलची. कूट बारीक हवा, कारण जाड तुकडा पारी फाडतो. पण मिक्सर सलग फिरवला तर दाण्याला तेल सुटतं, म्हणून थांबत थांबत फिरवावा. गूळ साधा घ्यावा. चिक्कीच्या गुळाची पोळी गार झाल्यावर पापडासारखी मोडते. सारण हातात दाबल्यावर लाडू वळला पाहिजे. कोरडं वाटलं तर चमचाभर तूप.

उंडा भरून लाटायच्या भानगडीत पडू नये. ज्वारीची पारी तळाशी फुटते आणि गूळ तव्यावर येऊन जळतो. जुन्या पद्धतीनं दोन लाट्यांची पोळी करावी. लिंबाएवढ्या दोन लाट्या तेल लावलेल्या प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पुरीएवढ्या दाबाव्यात. एकीवर दीड-दोन चमचे सारण पसरावं आणि कडेला अर्धं बोट जागा सोडावी. दुसरी वर ठेवून कडा ओल्या बोटानं दाबाव्यात आणि कागदातच हलक्या हातानं तळहाताएवढी लाटावी. याहून मोठी केली की उचलताना दुमडून तुटते. कागदासकट तळहातावर घेऊन तव्यावर उलटी टाकावी.

तवा मध्यम. पहिली बाजू रंग बदलेपर्यंत हलवू नये, मग एकदाच उलटावी आणि कडेनं तूप सोडावं. दोनदा-तीनदा उलथलं की कडा उघडतात. झालेली पोळी एकावर एक रचू नये. वाफ धरते आणि दोन्ही चिकटतात. गव्हाची शेंगापोळी आठवडाभर टिकते. हिच्यात उकडीचा ओलावा असतो, म्हणून दोन दिवसांत संपवावी आणि खाताना तव्यावर परत गरम करावी.

चव? गव्हाच्या पोळीसारखी लागत नाही. ज्वारीचा खमंगपणा गुळाच्या वर येतो. तुलना करत खाल्ली तर हिरमोड होतो. वेगळा पदार्थ म्हणून खाल्ली तर दुसरी मागितली जाते.

संध्याकाळी वाणाला आलेल्या बायकांमध्ये कुणीतरी म्हणणारच, "सणाचं आहे, एका घासानं काय होतंय?" त्याचं उत्तर आकड्यात द्यावं. एका पोळीला ३० ग्रॅमच्या आसपास कणीक लागते आणि तीत अंदाजे अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलियाकच्या रुग्णांमध्ये रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, असं आढळलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा, घासाहूनही कमी. त्या दिवशी पोट दुखलं नाही म्हणजे आत काही झालं नाही, असंही नाही. ज्यांना फक्त गहू जड जातो त्यांचं गणित वेगळं असू शकतं, पण ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. तपासणी करायची तर गहू खात असतानाच करावी. आधीच सोडला तर रक्तातल्या चाचणीत काही न दिसण्याची शक्यता असते आणि निदान लटकतं.

गुरुवार, किंक्रांत

यात्रा भरते त्या होम मैदानावर जायचं तर घरून अर्धी भाकरी खाऊन निघावं. रिकाम्या पोटी गड्ड्यावर गेलं की सगळे निश्चय पहिल्या कढईपाशीच संपतात.

भजी बेसनाची म्हणून निर्धास्त राहू नये. ज्या तेलात समोसे तळले त्याच तेलात भजी सुटतात. भेळ चालेल असं वाटतं, पण तिच्यातल्या पुऱ्या मैद्याच्या आणि फरसाणातल्या पापड्याही बहुधा तशाच. कोरडे चुरमुरे, कांदा, लिंबू, खारे दाणे एवढंच वेगळ्या पातेल्यात कालवून मागावं, गाडीवाले देतात. भाजलेलं कणीस, ऊस, बोरं, पेरू, कच्च्या शेंगा यांना प्रश्न नाही. गोबी मंचुरियन सरळ टाळावं: मैदाही आला आणि सोया सॉसमधला गहूही.

प्रसादाचा शिरा दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळाला लावावा आणि शेजारच्याला द्यावा. कुणी रागावत नाही. खोबरं आणि खडीसाखर स्वतःला.

शेतावर हुरड्याचं बोलावणं असेल तर आनंदानं जावं, ज्वारीचा हुरडा निर्धोक. गव्हाच्या ओंब्या भाजत असतील तर त्या मात्र नाहीत. कोवळा झाला तरी तो गहूच.

शुक्रवार

खारीचं उत्तर सोलापुरात आयतं आहे: कडक भाकरी. विकतची घेताना करणाऱ्या बाईंना एकच विचारावं, याच परातीत आणि याच तव्यावर पोळ्या होतात का? घरी करायची तर नेहमीपेक्षा पातळ थापावी, पाणी फिरवून दोन्ही बाजू शेकाव्यात आणि फुगू लागली की फडक्यानं दाबत राहावं. फुगली की पदर सुटतो आणि तो पदर मऊ राहतो. मग अगदी मंद आचेवर किंवा चुलीच्या कडेला उभी करून वाळवावी. मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून ओलावा आहे आणि डब्यात ती बुरसेल. पूर्ण गार करूनच डबा बंद करावा. चहासोबत हवी असेल तर थापतानाच पिठात जिरं, ओवा, मीठ आणि चमचाभर तूप घालावं.

पावाला मात्र घरगुती उत्तर नाही, हे एकदा मान्य करून टाकावं. खमिराचा गॅस पावाइतका अडवून धरायला ग्लुटेनच लागतं. ज्वारीच्या पिठाचा पाव म्हणजे गोड न झालेला केक होतो. विकतच्या बिनग्लुटेनच्या पावात स्टार्च भरपूर, किंमत कितीतरी जास्त आणि पोट तासाभरात रिकामं. त्यापेक्षा रस्सा पिणारं दुसरं काही करावं. उडदाच्या डाळीचा चिकटपणा गॅस बऱ्यापैकी धरतो. तीन वाट्या ज्वारी, एक वाटी उडीदडाळ, अर्धा चमचा मेथ्या, वेगवेगळं आठ तास भिजवून वाटावं. उन्हाळ्यात सहा-सात तासांत पीठ वर येतं, या दिवसांत रात्रभर आणि वर सकाळचे दोन-चार तास. याच्या जाड इडल्या मिसळीच्या रश्श्यात किंवा पावभाजीच्या भाजीत टाकाव्यात. जाळी असते, रस्सा आत शिरतो.

शनिवार

उरलेल्या नोंदी.

फसवे पदार्थ: कुरडई (गव्हाच्या चिकाची), मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी (दोन्हींत बहुधा गहू असतो), हॉटेलातले धपाटे, सातूचं पीठ, माल्ट घातलेली दुधाची पावडर. काही खानावळींत भाकरी मऊ राहावी म्हणून ज्वारीत कणीक मिसळतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

हुग्गी (गव्हाची खीर) आठवत असेल तर ज्वारीची करावी. ज्वारी रात्रभर भिजवून, उखळात किंवा मिक्सरच्या दोन झटक्यांत कोंडा सुटेल इतकी सडायची, पाखडायची आणि कुकरमध्ये दाणा बोटात चिरडेपर्यंत शिजवायची. गूळ त्यानंतरच. आधी घातला तर दाणा कडकच राहतो, कितीही शिट्ट्या द्या.

आणि वखवख पदार्थाची नसून माती, खडू, पाटीची पेन्सिल, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खाण्याची असेल तर स्वयंपाकघरात उपाय शोधू नये. ते बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि सिलियाकमध्ये आतडं लोह नीट शोषत नाही म्हणून ते कमी पडतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासायला सांगावं.

उद्यासाठी: दोन वाट्या ज्वारी भिजत घालायची, फुटाणे संपलेत, हिंगाची नवी डबी घटक वाचून आणायची.